थंडीतले उंदीर : तुमच्या घरी काय उपाय चालले?

दिवाळी सरली, रात्री गार पडू लागल्या की आमच्या माळ्यावर उंदरांचे खेळ सुरू होतात. नागपुरातल्या मंडळींनी आपापले अनुभव लिहा. औषधांची नावं माहीत आहेत, शिरायच्या वाटा कशा शोधल्या ते जास्त हवंय. घर कवेलूचं, स्लॅबचं की फ्लॅट, तेही सांगा.

बेसा रोड
आमचा लेआउट काल-परवापर्यंत शेतच होता, त्यामुळे उंदरांच्या मते आम्हीच घुसखोर. सोयाबीन निघालं की एक लाट येते, तूर कापली की दुसरी. आमच्याकडे वाट होती एसीच्या पाइपाचं भोक. नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरतात, फोम तर कुरतडून फस्त. आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, वरून सिमेंट. लहान उंदराला ६ मिमीची फट पुरते. पेन्सिल आत जात असेल तर उंदीरही जातो असं धरून चाला.

प्रतापनगरवाली
कुलर कुणी पाहिला का? आपल्याकडे तो उन्हाळा संपला तरी खिडकीतच राहतो, उतरवायला चार माणसं कोण आणणार! वरून ताडपत्री घालायची आणि जून ते मार्च विसरून जायचं. आत कोरड्या ताट्या, अंधार आणि घरात उघडणारं पंख्याचं तोंड. उंदराला आणखी काय पाहिजे? आमच्या कुलरात ताटीचा भुसा, मुलाच्या मोज्याचे धागे आणि कापूस असं व्यवस्थित बाळंतघर मांडलेलं होतं. पिल्लं तीन आठवड्यांत होतात, म्हणजे नोव्हेंबरात आलेली एक जोडी संक्रांतीपर्यंत खानदान वाढवते. आता पावसाळ्यातच ताट्या काढून फेकतो, टाकी पुसून कोरडी करतो आणि पंख्याच्या तोंडावर आतून लोखंडी जाळी स्क्रूने बसवतो. आधी पुठ्ठा लावायचो, त्याचा चुरा सकाळी झाडायला मिळायचा.

महालातला वाडा
जुनं कवेलूचं छप्पर आहे माय, सगळ्या फटी बुजवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. म्हणून खाणंच बंद करायचं. डाळ-तांदूळ पत्र्याच्या कोठीत, कुरड्या-पापड स्टीलच्या डब्यात, संत्र्यांची पेटी रात्री जमिनीवर नाही. बाकी काम पिंजऱ्याचं. मोठा उंदीर भारी संशयी, नवी वस्तू दिसली की काही दिवस फिरकतच नाही. म्हणून पिंजरा भिंतीला लागून, दार उघडं बांधून ठेवायचा आणि रोज भज्याचा तुकडा टाकायचा. खायला लागला की दोरी सोडायची. लोक पहिल्याच रात्री पिंजरा लावतात आणि ‘फसून नाही राहिला’ म्हणून माळ्यावर टाकून देतात.

कृषी केंद्रवाले
औषध नको म्हणालात तरी लिहितो, कारण थंडीत आमच्या दुकानात रोज कुणीतरी ‘जोरदार काहीतरी द्या’ म्हणत येतं. काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटात गेल्यावर विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. घरात लेकरू किंवा कुत्रं असेल तर ती आणूच नका. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं, उंदीर काही दिवसांनी मरतो. कुत्र्याने ती वडी खाल्ली तर ‘आता तर बरा दिसतो’ म्हणून थांबू नका, वेष्टण घेऊन लगेच डॉक्टरकडे जा. व्हिटॅमिन के हा त्यावरचा उतारा आहे. आणि फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर मेला तर वासाने तुम्हालाच घर सोडावं लागेल, हे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की सांगतं.

मानेवाडा
आमच्याकडे लांब नाकाची, चिकचिक करत भिंतीकडेने पळणारी येते. आई म्हणते मारू नको.

महालातला वाडा
चिचुंद्री ती. उंदराच्या जातीची नाहीच, झुरळं-किडे खाते. वास येतो तेवढा सोसा.

फ्लॅट, तिसरा मजला
तिसऱ्या मजल्यावर कुठून येणार, असं बिल्डर म्हणाला होता. ड्रेनेजच्या उभ्या पाइपावरून येतात, वायरवरूनही येतात. न्हाणीच्या जाळीवर रात्री वीट ठेवतो. प्लगला लावायचं आवाजवालं यंत्र आणलं होतं. दोन दिवस शांतता, मग त्याच्याच मागे लेंड्या. त्या कोरड्या झाडायच्या नाहीत हं, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून पुसायच्या.

बेसा रोड
गाडीचं विसरलो. रात्री इंजिन ऊबदार असतं, सकाळी वायर तुटलेली. पार्किंगमध्ये बोनेट उघडून ठेवतो, काळोख आणि ऊब दोन्ही जातात. शेजारी तंबाखूची पुडी ठेवतात, पण त्यांचीही वायर तुटलीच.

(विचारणारी)
प्रतापनगरवाल्या ताई, कुलरला जाळी कोणती घेतली? दुकानात अर्ध्या इंचाची दाखवून राहिले.

प्रतापनगरवाली
अर्धा इंच नको, पिल्लं आरामात निघतात. पाव इंचाहून बारीक मागा, जस्त चढवलेली. मच्छरजाळी देऊ लागला तर घेऊ नका, ती एका रात्रीत फाडतात.