एकाच क्लायंटचा आरसीआय: आर सॉफ्टवेअर म्हणतं −8.1, एक्सेलमध्ये येतो −1.54

मुक्ता_क्लिनिकल:
डेझर्टेशनला सिंगल-केस घेतलीये, साधं ए-बी डिझाइन (आधी बेसलाइन, मग थेरपी), दर आठवड्याला पीएचक्यू-9 (डिप्रेशनची प्रश्नावली, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) भरून घेतलं. बेसलाइन 17, 18, 16, 19, 18 आणि थेरपी सुरू झाल्यावर 16, 15, 14, 12, 12, 11, 10, 9. आरमध्ये एक तयार फंक्शन मिळालं, प्रश्नावलीची रिलायबिलिटी (मोजमाप किती भरवशाचं ते) 0.84 टाकली, आरसीआय (रिलायबल चेंज इंडेक्स, बदल मोजमापाच्या एररपेक्षा मोठा आहे का ते सांगणारा आकडा) आला −8.1. तेच एक्सेलमध्ये जेकबसन-ट्रुॲक्सच्या फॉर्म्युल्यानं केलं, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) 6 धरून, तर −1.54 म्हणजे 1.96 च्या आतच, खरा बदल म्हणताच येत नाही!! गाइड म्हणतात जे लिहाल त्याचं कारण व्हायव्हात द्यावं लागेल. मग धरायचं कुठलं?

आकडेमोड्या:
फॉर्म्युला दोन्हीकडे तोच आहे, घोळ एसडीचा. फंक्शननं एसडी तुमच्या बेसलाइनच्या पाच आकड्यांवरनंच काढलेला दिसतोय, तो येतो 1.14. त्याला √(1−0.84) म्हणजे 0.4 नं गुणा, मग √2 नं, 0.645 होतात, आणि दोन टप्प्यांच्या सरासरीतला फरक −5.2 त्यानं भागला की बरोब्बर −8.1. आता 0.84 निघालीये बऱ्याच लोकांच्या सॅम्पलवरनं, तिथे माणसामाणसात फरक मोठा असतो, ती एकाच बाईच्या पाच आठवड्यांना लावली की एरर उगाच एवढीशी दिसते. एसडी आणि रिलायबिलिटी एकाच सॅम्पलमधनं घ्या. 6 धरलात तर एसडिफ (दोन स्कोअरमधल्या फरकाची स्टँडर्ड एरर) 3.39, म्हणजे निदान 7 गुण उतरायला हवेत.

सविता_ताई:
वरचं बरोबर, पण म्हणून −1.54 पण तसंच टाकू नकोस. 1991 चा तो फॉर्म्युला एक आधीचा नि एक नंतरचा स्कोअर यासाठी आहे, तू त्यात सरासऱ्या घातल्यास. सरासरीत एरर कमी होते म्हणजे 3.39 जरा जास्तच कडक, शिवाय स्कोअर शेवटपर्यंत उतरतोय आणि सुरुवातीचे 16, 15 त्यातच मिसळलेत. शेवटचा 18 ते शेवटचा 9 घेतलास तर −2.65 येतो, आणि 9 हा डिप्रेशनसाठीच्या 10 च्या कटऑफखालीही आहे. पण कुठले पॉइंट घेणार हे प्रपोजलमध्ये होतं का? आकडे बघून निवडलेस तर एक्स्टर्नल परीक्षक सोलून काढतील.

मुक्ता_क्लिनिकल:
होतं! "शेवटचा प्री, शेवटचा पोस्ट" असं लिहिलंय, वाचले 😅 एनएपी (नॉनओव्हरलॅप ऑफ ऑल पेअर्स, बेसलाइन-थेरपीच्या सगळ्या जोड्यांपैकी किती जोड्यांत थेरपीचा स्कोअर चांगला ते) पण देऊ का? 0.99 येतोय.

आकडेमोड्या:
द्या की, 40 जोड्यांपैकी 39.5, एक 16-16 ची टाय. फक्त एनएपी म्हणजे ओव्हरलॅप, किती गुणांनी सुधारली ते त्यात कळत नाही. सगळे स्कोअर 15 वर अडकले असते तरी 1 च आला असता.

सविता_ताई:
आणि ग्राफ आधी, आकडे नंतर. थेरपीमुळेच झालं असं मात्र लिहू नकोस, नुसत्या ए-बी वर ते टिकत नाही. फॉर्म मराठी वापरलास ना, मग तो एसडी 6 मराठी व्हर्जनचा आहे का इंग्रजीचा तेवढं तपास.