कास-महाबळेश्वरकडच्या झऱ्याचं पाणी घरी आणून प्यायचं असेल तर?

प्रश्न (मेढेकर): झरा निवडायचा कसा? पाणी नितळ दिसलं म्हणजे पुरे का? उकळल्यावर चव जाते, नुसती तुरटी फिरवून भागेल?

उत्तर (जांभाखडक): या पठारांचा माथा जांभ्याचा. जांभ्यात पाणी मुरतं, त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि कड्याच्या पायाशी बाहेर येतं. म्हणून झरा पठारावर नाही, कड्याखाली शोधा, आणि तोही एप्रिल-मेमध्ये. तेव्हा वाहतो तोच जिवंत झरा. जुलैत दिसणाऱ्या बहुतेक धारा नुसते ओघळ असतात. मोठ्या पावसानंतर लगेच पाणी गढूळलं तर वरचं पाणी थेट शिरतंय, तो झरा सोडा. खडकातून धार पडते तिथंच भरा, खालच्या कुंडात म्हशी आणि गवे उतरतात. भरण्याआधी वर चढून बघाच: गोठा, शोषखड्डा, स्ट्रॉबेरीचा मळा. मळ्यातलं खत-औषध पाण्यात उतरलं तर ते उकळून जात नाही.

पाणीतपासनीस: नितळपणावरून जंतू कळत नाहीत. एचटूएस बाटली (जंतू असले तर पाणी काळं करणारी घरगुती चाचणी) खुणेपर्यंत भरा, झाकणाच्या आत बोट लावू नका, उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर ते दूषित. महाबळेश्वरच्या थंडीत रंग उशिरा येतो, त्यामुळे पहिल्या दिवशी निकाल काढू नका. रोज पिणार असाल तर प्रयोगशाळेतही द्याच. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. 100 मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको, नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. एकदा उन्हाळ्यात तपासा, एकदा पहिल्या पावसानंतर. बिघाड बहुतेक वेळा पावसाळ्यातच सापडतो.

मेढेकर: आणि तुरटीचं?

जांभाखडक: तुरटीनं गाळ बसतो, जंतू उरतातच. दुहेरी फडक्यातून गाळा (जळवाही अडकतात), मग खळखळून उकळी फुटल्यावर 1 मिनिट ठेवा. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी 100 अंशांच्या आतच उकळतं, तरी तेवढा वेळ पुरतो. विरघळलेली हवा निघून गेल्यानं चव सपक होते. निवल्यावर स्वच्छ भांड्यांत दोन-चारदा उंचावरून ओता, बरीच परत येते. क्लोरीन वापरायचं तर गाळल्यानंतरच, आणि घातल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात ते गाळातच खर्ची पडतं. कॅन उन्हात ठेवू नका, शेवाळ धरतं.