पहिली मेन्स फिजिक स्पर्धा, सहा आठवडे उरलेत, शरीर आणि डोकं दोन्ही सांभाळायला सल्ला हवाय

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. इथे बरेच व्यायामवाले आहेत म्हणून विचारतोय. वय 26, उंची 172, राहतो कळव्याला, नोकरी अंधेरीला. फेब्रुवारीच्या शेवटी जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा आहे, त्यातल्या मेन्स फिजिक गटात उतरतोय, आयुष्यातली पहिलीच. ऑक्टोबरात 81 किलो होतो, आज सकाळी 71.4. औषधं-इंजेक्शनं घेत नाही, घ्यायचीही नाहीत.

शरीर दिसायला लागलंय, खांदे आणि कंबर आता फोटोत कळतात. पण बाकी सगळं बिघडत चाललंय. लोकलमधे बाकावर बसलं की माकडहाड टोचतं, ऑफिसच्या एसीत हुडहुडी भरते, रात्री तीनला जाग येते ती येतेच आणि मग मी मोबाईलवर मिसळीचे नाहीतर बिर्याणीचे व्हिडिओ बघत बसतो, तासतासभर. कोणी साधं काही विचारलं तरी अंगावर जातो. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, याला कावीळ झाली का.

लिहायला बसलो ते खरं संक्रांतीमुळे. आईने हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि मी तो सरळ किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवला. 22 ग्रॅम. मोबाईलमधे कॅलरी बघितल्या आणि लाडू परत डब्यात टाकला. आई काही बोलली नाही, आत गेली. मी बाथरूममधे नळ सोडून रडलो. लाडवासाठी रडतोय की आईसाठी तेच कळत नव्हतं.

हे सगळ्यांचं होतं का? आणि दुसरं, कोच म्हणतो शेवटच्या आठवड्यात मीठ बंद, शेवटचे दोन दिवस पाणी जवळजवळ बंद, आदल्या रात्री एक पाण्याची गोळी (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी), सगळेच घेतात. गेल्या दोन आठवड्यांपासून त्याने भाकरी पण बंद केलीये. काय करू?

जुनी_तालीम

मित्रा, आधी एक सांगतो, तू वेडा झालेला नाहीयेस. मी तीन वेळा स्टेजवर गेलोय, तिन्ही वेळा हेच झालं. दुसऱ्या वेळी तर बायकोने भाजीत तेल जास्त टाकलं म्हणून ताट तसंच ठेवून उठलो होतो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944-45 ला, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण 1570 कॅलरी, वर आठवड्याला 22 मैल चालायचं. ती पोरं चिडखोर झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजायची आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं घेऊन वाचत बसायचे. तुझे रात्री तीनचे मिसळीचे व्हिडिओ हेच आहेत. उपाशी शरीर डोक्याला दुसरं काही सुचू देत नाही. स्वभाव बिघडला म्हणून स्वतःला खाऊ नकोस.

आता हिशेब. गेल्या दोन आठवड्यांत किती उतरलं ते लिही. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुला 350 ते 700 ग्रॅम, याच्या वर गेलास तर चरबीबरोबर कमावलेलं मांस पण जातं.

खाडीपलीकडचा

दादा, दोन आठवड्यांपूर्वी 73.8 होतो. म्हणजे 2.4 किलो.

जुनी_तालीम

अरे मग जवळजवळ दुपटीने चाललायस. दुपारची एक ज्वारीची भाकरी आणि व्यायामाच्या आधीचं केळं परत सुरू कर, उद्यापासून, कोचला सांगून कर पण कर. प्रोटीन तसंच ठेव. फॅट पार शून्यावर नेऊ नकोस, अंड्याचा पिवळा बलक रोज दोन तरी पोटात जाऊदे आणि थोडे शेंगदाणे. कार्डिओ वाढवू नकोस, सहा आठवडे आहेत, अजून बराच वेळ आहे. फोटो आठवड्यातून एकदाच काढ, त्याच उजेडात, त्याच वेळी, आणि तू बघू नकोस, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला पाठव, कारण या अवस्थेत आरसा रोज वेगळं सांगतो, सकाळी वाटतं बारीक झालो, संध्याकाळी वाटतं सुटलो.

पोझिंग रोज 20 मिनिटं कर. फिजिकमधे बोर्ड शॉर्ट्स असतात, मांड्या बघत नाहीत, समोरून, बाजूने, पाठीमागून उभं कसं राहतोस त्यावर सगळं असतं. हसऱ्या चेहऱ्याने पोट आत ठेवून पाठ उघडी धरणं दोन मिनिटं करून बघ, दंड थरथरतात. हे अंगवळणी पडलं की शेवटच्या आठवड्यातली धाकधूक पण कमी होते, हा माझा अनुभव.

डॉक_सातपूर

मी फिजिशियन आहे, पाण्याच्या गोळीबद्दल फक्त लिहितो आणि स्पष्ट लिहितो. घेऊ नकोस.

स्नायूत तीन चतुर्थांश पाणीच असतं. शेवटी भात, बटाटा खाऊन स्नायू भरायचे असतात ते ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, साठून, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाणीच तोडलंस तर भरणार कशाने? मिठाचं तेच. जुलाब झाल्यावर आपण मीठ-साखर-पाणी एकत्र का देतो, कारण आतड्यातून साखर आत जाते ती सोडियमचा हात धरून. मीठ बंद केलेला मुलगा स्टेजवर चपटा दिसतो, पंप (स्नायू रक्ताने फुगणं) येत नाही आणि मागे उभा राहून पोटऱ्यांत गोळे आले म्हणून कळवळतो.

गोळी त्यात भर घालते, पोटॅशियम लघवीतून जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मोहम्मद बेनाझिझा 1992 मधे हॉलंडमधली स्पर्धा जिंकून त्याच रात्री गेला. अँड्रियास मुंझर 1996 च्या मार्चमधे गेला, वय 31. दोघेही जगातले नावाजलेले बॉडीबिल्डर होते. शिवाय ही औषधं प्रतिबंधित यादीत आहेत, डोपिंग चाचणीत अडकशील ते वेगळंच.

आणि जिममधे कोणी पंपसाठी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन पुढे केलं तर तिथून निघून ये. भूल दिल्यावर रक्तदाब पडू नये म्हणून ऑपरेशन थिएटरमधे वापरायचं औषध आहे ते, व्यायामाच्या आधी टोचायचं नाही.

आयर्न_पनवेल

डॉक्टर सायेब आदर आहे पण पाणी तोडल्याशिवाय कंडिशनिंग, म्हणजे स्नायूंच्या रेषा, येत नाय, आम्ही वर्षानुवर्षं हेच केलंय, काय नाय झालं.

डॉक_सातपूर

काही झालं नाही याचा आनंद आहे भाऊ, मनापासून. पण चरबी सहा आठवड्यांत उतरली नसेल तर ती दोन दिवस तहानलेलं राहून उतरत नाही, आणि उतरली असेल तर पाणी पिऊनही रेषा दिसतात. ज्यांचं काही झालं ते इथे लिहायला येत नाहीत. चक्कर, छातीत धडधड, गोळे येणं थांबत नसेल तर स्पर्धा सोडून थेट हॉस्पिटल, एवढं तरी मुलांना सांगत जा.

खाडीपलीकडचा, या आठवड्यात रक्त तपासून घे, सीबीसी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन. 2013 मधे औषधं न घेणाऱ्या एका खेळाडूचा वर्षभराचा अभ्यास छापून आला होता. चरबी 14.8 टक्क्यांवरून 4.5 वर आली, तेव्हा विश्रांतीतले ठोके मिनिटाला 53 वरून 27 वर आले होते आणि टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरला 9.22 नॅनोग्रॅमवरून 2.27 वर. स्पर्धेनंतर बहुतेक गोष्टी परत आल्या, पण त्याला महिने लागले. म्हणून तुझी थंडी, झोप, चिडचिड याला शरीराची कारणं आहेत.

रानजाई

सगळे स्पर्धेपर्यंतचंच बोलतायत म्हणून मी नंतरचं लिहिते. मी विमेन्स फिजिकला उतरले होते, चौथी आले. पाळी स्पर्धेच्या आधी दोन महिने बंद झाली ती नंतर पाच महिन्यांनी आली. मला सांगण्यात आलं होतं की हे चांगलं लक्षण आहे, बॉडी लीन झाली. मुलींनो, अजिबात चांगलं लक्षण नाही, पुरेसं अन्न मिळत नाहीये म्हणून शरीर ते काम बंद करतं आणि हाडांवर परिणाम होतो. एक पाळी चुकली की गायनॅककडे जा.

आणि दुसरा दिवस. कोणी सांगितलंच नव्हतं दुसऱ्या दिवशी काय खायचं. स्पर्धेच्या रात्री वडापाव, मग आइस्क्रीम, मग घरी येऊन श्रीखंडाचा डबा उभ्या उभ्या चमच्याने, पोट दुखेपर्यंत, आणि तरी भूक तशीच. दोन आठवड्यांत नऊ किलो. घोट्यांना इतकी सूज की चपलेचा पट्टा लागेना. लोक स्टेजचे फोटो लाइक करत होते आणि मी आरशावर ओढणी टाकली होती. खरंच टाकली होती, महिनाभर.

दादा, तुझ्या कोचकडून आजच नंतरच्या आठ आठवड्यांचं लिहून घे. स्पर्धेच्या रात्री मनासारखं जेव घरच्यांबरोबर बसून, दुसऱ्या दिवसापासून वेळेवर चार जेवणं, मधेमधे चरणं नाही, आणि वजन वाढणार हे धरूनच चाल, ते वाढायलाच हवं. पुढची स्पर्धा लगेच ठरवू नकोस. आणि मन फारच खाली गेलं, स्वतःच्या शरीराची किळस वाटायला लागली, तर टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी तेव्हा कोणाशी बोलले नाही, बोलायला हवं होतं.

आईशी मात्र आज बोल. तिला वाटतंय तिच्या हातचं नको झालंय.

खाडीपलीकडचा

अपडेट देतोय, उशीर झाला. स्पर्धा उद्या आहे.

तालीमदादा, भाकरी आणि केळं परत आणलं, पहिल्या आठवड्यात वजन हललंच नाही, मी घाबरलो, मग हळूहळू उतरायला लागलं, आज 68.9. झोप पाच तासांवर आलीये. रिपोर्टमधे टेस्टोस्टेरॉन खाली आहे, बाकी ठीक, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत करायला सांगितलंय. कोचला गोळी नको म्हणून सांगितलं, तो दोन दिवस बोलला नाही, काल स्वतःच पोझिंग बघायला आला. पाणी रोज साडेतीन लिटर चालू आहे. नंतरच्या आठ आठवड्यांचं त्याने दिलं नाही, ते ताईंना विचारून मीच वहीत लिहिलंय.

त्या रात्री आईला सगळं वाचून दाखवलं, हा अख्खा धागा. ती म्हणाली मला आधी सांगायचंस ना, मी तेवढ्याच ग्रॅमचे वळले असते. संक्रांतीचे चार लाडू तिने वेगळ्या डब्यात ठेवलेत, उद्या रात्रीसाठी.

उद्या ती येणारे, पहिल्यांदाच. सकाळी उंची मोजणी आहे, नंबर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून भात आणि चिकनचे तीन डबे भरून घेतलेत. दोनदा विचारलं तिने, मीठ नेहमीसारखं घालू ना नक्की?

हो म्हटलं, घाल.