आधी नोंदणी, मग काउंटर

ताई, मुलं लहान असताना नोकरी सोडली, आता पुन्हा मेडिकलमध्ये उभं राहता येईल का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या प्रश्नावर एकांनी 'जुनी डी.फार्म. (फार्मसीची पदविका) आता काय कामाची' म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. शिकलेलं वाया जात नाही. फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर मात्र आधी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे चौकशी करा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स लागतात.

अभ्यास शेड्यूल एच-१ पासून, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीपासून सुरू करा. मार्च २०१४ पासून ते लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं देताना डॉक्टर, पेशंट, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची, आणि ते तीन वर्षं जपायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत किंवा डोसात दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या) बंदी घातली, ती यादीही वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'तुम्ही येऊ नका, फक्त तुमचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट दुकानात लावू द्या, महिन्याला पैसे देतो' असं कुणी ना कुणी दुकानदार विचारेलच. घरी असलेल्या बायकांना तर हमखास विचारतात. कृपा करून हो म्हणू नका. चुकीचं औषध गेलं तर नाव तुमचं लागतं, आणि हातचं काम शिकायचं ते राहूनच जातं. त्यापेक्षा पगार थोडा कमी चालेल, पण पहिले काही आठवडे अनुभवी फार्मासिस्टसोबत प्रिस्क्रिप्शन वाचायला आणि बिलिंग शिकायला मिळेल, असं दुकान किंवा हॉस्पिटलची फार्मसी शोधा. मुलाखतीतच हे स्पष्ट मागा.