'स्टेकहोल्डर'ला मराठीत काय म्हणावं? (भागधारक नको)

मागवाला: कॉलेजातल्या कार्यशाळेसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय. विषय इंटरनेटचा कारभार, म्हणजे डोमेन नावांचे (संकेतस्थळांच्या पत्त्यांचे) नियम करणारी आयकॅन. तिच्यात 'कमर्शियल स्टेकहोल्डर्स ग्रुप' आहे. मी 'व्यापारी हितसंबंधी गट' केलं. सर म्हणाले, हितसंबंधी म्हटलं की काहीतरी काळंबेरं वाटतं, 'भागधारक' करा. पण भागधारक म्हणजे शेअर घेतलेला. आयकॅन कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था, तिचे शेअर कुठले?

होटगीकर: 'हितधारक' लिहा. सरकारी कागदात तेच चालतं.

वेशीतली: हितधारक हिंदीतून उचललेला आहे. आपल्याकडे धारक लागतो तो परवान्याला, पासला, खात्याला. 'संबंधित घटक' म्हणा.

होटगीकर: ताई, हिंदीतून आला म्हणून बाद? 'दलाल' अरबीतून आला, यार्डात त्याच्यावाचून पान हलत नाही. आणि 'संबंधित घटक' म्हणजे कुणीही. त्यात हक्क कुठे दिसतो?

जुना_वाचक: इंग्रजीत पूर्वी स्टेकहोल्डर म्हणजे पैजेचे पैसे ज्याच्याकडे ठेवायचे तो तिऱ्हाईत. त्याचं स्वतःचं काही गुंतलेलं नसायचं. आजचा अर्थ नेमका उलटा, त्यामुळे गुंतणं हेच मराठीत यायला हवं. माझं मत हितसंबंधीला. त्यात काळंबेरं वाटत असेल तर वाटू दे, पैसा गुंतलेला असतोच.

यार्डातला: बाजार समितीच्या निवडणुकीत आडते-व्यापारी मतदारसंघ असतो, हमाल-तोलार मतदारसंघ असतो. हितधारक कुणी म्हणत नाही, तरी कोण कुणासाठी बसलाय ते कळतं. आयकॅनमध्येही तसंच आहे. या व्यापारी गटात तीन मतदारसंघ: धंदेवाल्यांचा, ट्रेडमार्क-पेटंटवाल्यांचा आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांचा. जीएनएसओ ही डॉट कॉमसारख्या डोमेनची धोरणं ठरवणारी आयकॅनची शाखा, तिच्या परिषदेत या गटाला 6 जागा, बिगरव्यापारी गटालाही 6.

खरी अडचण 'व्यापारी' शब्दाची आहे. डोमेन विकणारे रजिस्ट्रार आणि डॉट कॉमसारख्या नावांची यादी सांभाळणाऱ्या रजिस्ट्री या गटात नाहीतच. त्यांचा आयकॅनशी करार असतो, म्हणून परिषदेतलं त्यांचं सभागृह वेगळं. तुम्ही 'व्यापारी गट' छापलंत की वाचणारा डोमेन विकणाऱ्यांनाच धरणार.

वेशीतली: हे महत्त्वाचं आहे. मग 'वापरकर्ते उद्योग' करा.

होटगीकर: सेवा पुरवणाऱ्या कंपन्या वापरकर्त्या कशा?

मागवाला: मला एक सांगा, या तीन मतदारसंघांत आमच्या चादरीचं कोण बोलणार? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे माल कुठला हे सांगणारी कायदेशीर खूण. बाहेरचा माल आमच्या नावावर खपतो हे दुखणं जुनंच. उद्या त्या नावाचं डोमेन घेऊन कुणी भलतंच विकलं तर?

यार्डातला: मानांकनाच्या जोरावर आयकॅनकडून फार काही मिळणार नाही. डोमेनवरचे वाद सोडवायचं तिचं 1999 चं यूडीआरपी धोरण ट्रेडमार्कपुरतं आहे. नुसतं भौगोलिक मानांकन दाखवून डोमेन परत मिळत नाही, ट्रेडमार्क लागतो. 2014 मध्ये डॉट वाइन आणि डॉट विन या नव्या डोमेन-शेपटांवरून केवढा वाद झाला. शॅम्पेनसारखी गावाची ओळख सांगणारी वाइनची नावं जपायला फ्रान्सचं सरकार उभं राहिलं, तरी आयकॅन पुढे गेलंच. ट्रेडमार्कवाल्यांना बसायला स्वतःचा मतदारसंघ आहे, मानांकनवाल्यांना नाही. मोठ्या कंपन्या पगारी माणूस पाठवून वर्षानुवर्षं मसुदे वाचून घेतात. आठ मागांचा कारखानदार कुणाला पाठवणार?

मागवाला: म्हणूनच म्हणतो, 'व्यापारी' शब्दात आम्हाला मोजू नका. तिथे आम्ही नाही. तसं स्पष्ट छापायला हवं.

जुना_वाचक: पटलं. तळटीप द्याच.

वेशीतली: मुळात 'मानांकन' तरी बरोबर आहे का? मानांकन म्हणजे दर्जा ठरवणं, आयएसओ मानांकन म्हणतो तसं. चादर कुठली हे सांगणारी खूण म्हणजे दर्जा नव्हे. 'उगमखूण' का नको?

होटगीकर: उगमखूण म्हटलं तर सोलापूरच्या अशोक चौकात एकाही मागवाल्याला कळणार नाही. तिथे सगळे 'जीआय'च म्हणतात.