फ्युएल पंप बदलण्याआधी प्रेशर बघा

इंजिन गरम असताना तुमची पोर्श ९११ एससी चालू होत नाही, म्हणून थेट फ्युएल पंपच (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा) बदला, असा सल्ला तुम्हाला मिळालाय; तो मला पटत नाही. पंप कमजोर असता तर गाडी भर वेगात मध्येच ओढायची थांबली असती. तुमची गाडी रात्रभर उभी राहून सकाळी लगेच चालू होते, अडते ती पेट्रोल भरायला थांबवली की अर्ध्या तासाने. याचं कारण के-जेट्रॉनिकमध्ये, म्हणजे या गाडीच्या यांत्रिक फ्युएल इंजेक्शनमध्ये आहे. इंजिन बंद झाल्यावरही लाइनमध्ये थोडं प्रेशर टिकायला हवं. ते गेलं की गरम इंजिनावर पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरपर्यंत पेट्रोलऐवजी वाफच पोचते. सकाळी कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह जादा पेट्रोल देतो, म्हणून दोष झाकला जातो. गरम इंजिनात थर्मो-टाइम स्विच (इंजिनाच्या तापमानावर चालणारा स्विच) तो व्हॉल्व्ह बंदच ठेवतो.

पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावा. चालू इंजिनात सिस्टिम प्रेशर ४.५ ते ५.२ बार हवं. मग इंजिन बंद करून काटा बघत राहा. माझ्या गाडीत तो बघता बघता शून्यावर आला. इंजिन थंड झाल्यावर अ‍ॅक्युम्युलेटरच्या (इंजिन बंद झाल्यावर लाइनमधलं प्रेशर टिकवणारा भाग) मागची बारीक रिटर्न नळी काढली, तर त्या तोंडातून पेट्रोल ठिबकत होतं, म्हणजे आतला पडदा फाटलेला. नवा अ‍ॅक्युम्युलेटर बसवला आणि त्रास गेला. तिथे कोरडं असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) तपासा. आणि चालू होताना काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर मात्र गळका इंजेक्टर शोधा.