राणीच्या बागेतील वृक्ष पाहण्यासाठी कोणता ऋतू निवडावा?

पाऊलवाट:
आम्ही नाशिककर वर्षातून दोनदाच मुंबईस येतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेतून, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातून, आजवर मुलांना प्राणी दाखवूनच परतलो. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेतील जुने वृक्ष निवांत पाहायचे राहूनच गेले. गेल्या ऑक्टोबरात मुद्दाम त्यांच्यासाठी गेलो, तर उर्वशीचे झाड सापडले, पण त्यावर एकही फूल नव्हते. नेमके केव्हा यावे?

सोनसावर:
उर्वशीसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हाच काळ धरा. मूळ म्यानमारच्या या झाडाची लालबुंद, पिवळ्या ठिपक्यांची फुले लांब लोंबत्या घोसांत येतात आणि झुंबर टांगल्यासारखी दिसतात. फुले नसली तरी कोवळी पालवी पाहण्याजोगी असते. तांबूस-तपकिरी पानांचे झुबके इतके मलूल लटकतात की नवख्याला झाड सुकले असे वाटावे. पुढे तीच पाने हिरवी होऊन ताठ होतात. याला बी क्वचितच धरते, त्यामुळे ते इतरत्र सहसा आढळत नाही.

त्याच सुमारास सीतेचा अशोकही फुलतो. केशरी-पिवळे गुच्छ थेट जून फांद्यांवर येतात आणि हळूहळू लाल होत जातात. सोसायट्यांच्या कुंपणालगत उंच वाढणारा, खाली झुकलेल्या लांबट पानांचा तो ‘अशोक’ मात्र निराळा. अनेक जण त्यालाच खरा अशोक समजून फुलांची वाट पाहत बसतात!

गोरखनाथ:
वरील उत्तराशी सहमत आहे, तरी पावसाळा वगळू नये असे माझे मत आहे. उन्हाळ्यात निष्पर्ण उभी असणारी आफ्रिकेची गोरखचिंच पावसाच्या सुरुवातीस पालवते आणि लांब देठांवर तिची मोठी पांढरी फुले लोंबू लागतात. ती रात्री उमलतात, कारण परागीभवनाचे काम वटवाघळांकडे असते. आपण तिकीट काढून आत शिरेपर्यंत बरीचशी कोमेजून खाली पडलेली असतात. तरीही पाणी साठवणारा तिचा तो अवाढव्य बुंधा पाहण्यासाठी कोणताही महिना चालतो.

पाऊलवाट:
मनःपूर्वक आभार. मुलांच्या सुट्ट्यांमुळे आम्हांला मे आणि नोव्हेंबर एवढेच महिने मोकळे असतात.

सोनसावर:
मग मे महिन्यात कैलासपती पाहा. त्याची फुले खोडावरच येतात. आतील रचना शिवलिंगावर फणा धरलेल्या नागासारखी दिसते, म्हणून हे नाव पडले, एरवी झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. त्याच दिवसांत ताम्हण, आपले राज्यपुष्प, जांभळे फुललेले असते. नोव्हेंबरात बुचाला बहर येतो. पहाटे गळलेली त्याची लांब देठांची सुगंधी फुले वेचून मुलींना बिनदोऱ्याची वेणी गुंफायला शिकवा. बुधवारी उद्यान बंद असते, तेवढे पाहून निघा.